वाशीममध्ये उणे चाळीस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गाडी घेऊन अनसिंगच्या रस्त्याला सरावासाठी गेली आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेळात परत आली. गाडी फाटकाबाहेर उभी केली, आत आली, किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "घ्या तुमची गाडी. समोर पिवळा दिवा लागला. मले नाई जमत हे."

"कोणता दिवा?"

"मले काय मालूम कोणता. शिलाई मशीनसारखा दिसते."

ती घरी शिवणवर्ग चालवते, म्हणून तिला तो तसा दिसला असेल. मी जाऊन पाहिलं, तर मला तो तोटी लावलेल्या पिंपासारखा वाटला. ते इंजिनाचं चित्र आहे आणि इंजिन तपासून घ्या असा त्याचा अर्थ आहे, हे मला मोबाइलवर शोधल्यावर कळलं. आमची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिच्याबरोबर माहितीपुस्तक वगैरे काही आलं नव्हतं. डिकीत गुरांना घालायची अर्धं पोतं सरकी ढेप तेवढी निघाली होती.

दिवा लागला तर लागला, बघू सावकाश, असं म्हणायची सोय नव्हती. त्याचं कारण कारंजाला बसलं होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. पावसाळाभर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. लेकीने गाडी शिकल्याचं कळलं तेव्हा त्यांनी फोनवर जाहीर केलं की यंदाची कोजागिरी त्या वाशीमला करणार, पण एका अटीवर. "जवाईबुवा आणायले येतीन तं त्यात काय नवल हाये? मंग मी दिवाळीतच येईन. तू सोता गाडी चालवत आली तं आत्ताच येतो." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना अशाच 'येतो', 'जातो' म्हणतात.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. जैन मंदिराच्या मागच्या त्यांच्या गल्लीत त्यांनी घरोघर सांगून ठेवलं होतं की माझी पोरगी कोजागिरीच्या दिवशी मला गाडीतून न्यायला येते आहे. किराणा दुकानवाल्यांची सून, पलीकडच्या कापसाच्या व्यापाऱ्यांची आई, दळणाला येणाऱ्या बायका, सगळ्यांना. म्हणजे त्या दिवशी सगळी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहणार होती. आणि इकडे लेकीने किल्ली माझ्या कपाशेजारी ठेवली होती.

तिने गाडी शिकण्यात माझा वाटा किती, हेही सांगायला हवं. पहिले दोन-चार धडे मीच दिले. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात मी शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच, अवं क्लच" असा जप करत होतो. शेवटी तिने गाडी मैदानाच्या मधोमध थांबवली, खाली उतरली आणि पायी घरी निघून गेली. मी बाजूच्या सीटवर, पट्टा लावलेला, समोर चरणाऱ्या शेळ्या. दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं आणि तिथे, मी नसल्यामुळे, उत्तम शिकली. तरीही तिच्या मनात एक भीती कायम राहिली की यंत्र आपल्याला मानत नाही. गिअर जरासा खरखरला तरी ती माझ्याकडे बघायची. त्यात आता हा पिवळा दिवा, तोही ती एकटी असताना लागलेला.

"तुमी दसऱ्याले संध्याकाळी सोनं वाटाले गेलते, तवा लागला का?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग झालं तं. माह्याच हातानं काही तरी बिघडलं."

दसऱ्याचं तिने काढलं म्हणून सांगतो. दसऱ्याला आमच्याकडे वाहनांची पूजा होते आणि मी ती मन लावून करतो. यंदा तर मी पूजेआधी गाडीची सेवा केली होती. सोयाबीनचा हंगाम. रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्यावरच मळणीयंत्र लावलेलं असतं, आणि कुटार, म्हणजे शेंगा-काड्यांचा तो भुगा, गावभर उडत असतो. गाडी त्यातून चालवली की इंजिनात हवा गाळून घेणारी जी जाळी असते, ती भरून जाते. मोबाइलवर एक चित्रफीत पाहून मी ती जाळी काढली, गोधडी झटकावी तशी भिंतीवर झटकली, पुन्हा बसवली. मग इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं आणि जाळीच्या त्या काळ्या डब्यावर झेंडूचा छोटासा हार दोऱ्याने छान गुंडाळून बांधला. पंख्यापासून लांब बांधला, हे मी स्वतःचं तांत्रिक ज्ञान म्हणून बायकोला आवर्जून दाखवलंही होतं.

दिवा लागल्यावर मी आधी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन केला. पलीकडून मळणीयंत्राची अशी घरघर येत होती की मला वाटलं तो यंत्राच्या आतूनच बोलतो आहे. तोही शेतकरीच. हंगामात त्याच्या गॅरेजचं शटर खाली असतं आणि सगळं वाशीम हे समजून घेतं.

"गाडी चालते का?" तो ओरडला.

"चालते."

"मंग चालवा ना सर. दिवाच लागला, चाक नाई निखळलं. सोयाबीन घरात आलं का येतो मी."

सोयाबीन घरात यायला कोजागिरी उलटून गेली असती. मी ठरवलं, आपणच बघू.

मी शाळेत भूगोल शिकवतो. भूगोलाच्या माणसाला आपल्याला सगळ्या जगाचं थोडं थोडं कळतं असा भ्रम होणं साहजिक आहे. मागे कधी तरी, गरज काहीच नसताना, मी ऑनलाइन एक यंत्र मागवून ठेवलं होतं. काडेपेटीएवढं. ते गाडीत खोचायचं, मोबाइलशी जोडायचं, की गाडीला काय दुखतंय ते मोबाइलवर वाचता येतं. आल्यापासून ते कपाटात पडून होतं आणि बायको अधूनमधून त्याची चौकशी करायची. आता त्याचा दिवस उजाडला होता.

ते खोचायची जागा गाडीत कुठे असते, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. ती स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूला असते, अशी की माणसाने उताणं झोपून डोकं क्लच आणि ब्रेकच्या मध्ये घातल्याशिवाय ती दिसत नाही. निदान मला दिसली नाही. माझं डोकं आत आणि पाय फाटकाबाहेरच्या रस्त्यावर. समोरचे काका, निवृत्त झाल्यापासून ज्यांचा मुक्काम त्यांच्या गॅलरीत असतो, त्यांनी वरूनच विचारलं, "सर, गाडीनं गिळलं का तुमाले?"

"सेन्सर तपासतोय," मी आतून म्हणालो.

"तपासा, तपासा. पाय तेवढे आत घ्या, पाण्याचा टँकर येऊन राह्यला."

शेवटी यंत्र बसलं. मोबाइलवर एक आकडा उमटला, इंग्रजी अक्षर आणि पुढे अंक. खाली एक ओळ: इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या जोडणीत दोष. तेवढ्यावर मी गाडीकडे शांतपणे पाहिलं असतं, तर ही आठवण इथेच संपली असती. पण मी तो आकडा इंटरनेटवर टाकला. तिथे जगभरातले लोक आपापल्या गाड्यांची दुखणी मांडून बसलेले होते. एकाने लिहिलं होतं की सेन्सर बदला. दुसऱ्याने सगळी वायरिंग बदलली होती. तिसऱ्याने एवढं करून शेवटी गाडी विकली होती. हे सगळं मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे तिचं मनोधैर्य वाढवण्यासाठी मी जे करू नये ते सगळं केलं.

त्याच पडद्यावर गाडीतल्या निरनिराळ्या मोजमापांची यादी चालू होती. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान: उणे चाळीस.

मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन अंगाला चिकटत होतं, माझा बनियन पाठीला चिकटला होता आणि पडद्यावर उणे चाळीस. मी मनाशी म्हणालो, परदेशी अ‍ॅप आहे, फॅरनहाइटमध्ये दाखवत असेल. आणि पुढे गेलो.

वाचकांपैकी ज्यांना हसू आलं त्यांनी खुशाल हसावं. ज्यांना आलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सेल्सिअस आणि फॅरनहाइट ही दोन्ही मापं फक्त एकाच ठिकाणी सारखी होतात, आणि ते ठिकाण उणे चाळीस आहे. हा प्रश्न मी दर वर्षी वर्गात विचारतो. पोरांना येत नाही तेव्हा कपाळाला हात लावतो.

यादीखाली एक बटण होतं, दोष पुसून टाका असं सांगणारं. मी ते दाबलं. दिवा गेला. इतका सहज गेला की मला स्वतःचाच आदर वाटायला लागला. मी गाडी चौकापर्यंत नेऊन आणली. दिवा नाही. घरात येऊन बायकोला म्हणालो, "झालं. सेन्सरची किरकोळ भानगड होती."

"काय केल्लं तुमी?"

"दुरुस्त केलं."

हा शब्द मी वापरायला नको होता. पाटी पुसली म्हणजे गणित सुटत नाही, हे शिक्षकाला तरी कळायला हवं. पण तिचा चेहरा उजळला होता. तिने किल्ली घेतली, चप्पल घातली, गाडी सुरू केली आणि गेली. मी फाटकात उभा राहून समोरच्या काकांना त्या काडेपेटीएवढ्या यंत्राचा इतिहास सांगायला लागलो. तो मध्यावर आला असेल नसेल, तोच गाडी कोपऱ्यावर दिसली. इतक्या हळू येत होती की मागून सायकलवाला पुढे निघून गेला.

ती उतरली. या वेळी तिने किल्ली माझ्या हातातही दिली नाही. गाडीतच ठेवली.

"पुन्हा लागला," ती म्हणाली. "तुमी चालवली तं लागला नाई. मी पेट्रोल पंपापर्यंत नेली आन् लागला. आता तुमीच सांगा."

दोन्ही वेळा तसंच झालं होतं. दसऱ्याला मी चालवली, दिवा नाही, दुसऱ्या दिवशी ती बसली, दिवा. आज मी चालवली, दिवा नाही, ती बसली, दिवा. ती आत जाऊन एका पोलक्याला हुक लावत बसली. मान वर न करताच तिने म्हटलं, "आईले उद्या फोन करून सांगतो का तुमी आणायले येता. नाई तं दिवाळीले येईल म्हणा."

एरवी ती स्वतःबद्दल 'सांगते' म्हणते. मन खचलं की तिच्या तोंडून तिच्या आईची भाषा येते, हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

"आणि गल्लीतल्या बायका?" मी विचारलं.

"बायकाइले काय, सांगन आई काई बी. पोरीची तब्येत बरी नाई म्हणून सांगन." मग दोरा दाताने तोडत, "मले वाटलं होतं का एकडाव तरी."

ते वाक्य तिने तिथेच सोडलं. मी जाऊन सासूबाईंना आणलं असतं तर त्या आल्या असत्या, दूध प्याल्या असत्या, सगळं झालं असतं. पण जे व्हायचं होतं ते झालं नसतं, आणि बायको यापुढे गाडीत उजव्या बाजूला बसली नसती, हे मला त्या हुकावरच्या सुईकडे बघूनच कळत होतं. मी म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत फोन करू नको. एवढंच कर."

तिने पुढचा हुक उचलला. ते मी होकार म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बोनट उघडलं आणि आतल्या वायरींकडे टक लावून बघत उभा राहिलो. हात लावून पाहायला सुरुवात केली ती उजवीकडून. बॅटरी, इकडचे पाइप, तिकडचे पाइप. झेंडूच्या हाराशी आलो की हात आपोआप वरून फिरवून पलीकडे न्यायचो. दसऱ्याचा हार कोणी सोडत नाही. तो वाळेल, झडेल, आपला आपण जाईल. आमच्या घरात, आणि मला वाटतं सगळ्या वऱ्हाडात, ही शिकवण इतकी खोल आहे की मी आदल्या दिवशी बोनट चार वेळा उघडूनही त्या हाराखाली काय आहे याचा विचार एकदाही केला नव्हता. उलट एकदा त्याला नमस्कारही केला होता.

बायको चहा घेऊन बाहेर आली. आपण आता या भानगडीत नाही, असं तिने ठरवलं होतं, पण मोबाइल बोनटच्या कडेला ठेवलेला होता आणि त्याचा पडदा चालू होता.

"हे काय व्हय?"

"हे सगळं गाडी सांगते. हे फेरे, हे पाणी, ही हवा."

"हवेसमोर हे काय लेयलं? उणे चाळीस?"

"ते फॅरन..." मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो. वर्गातल्या फळ्यावर मीच लिहिलेलं ते समीकरण माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी चहाचा कप बोनटवर ठेवला.

"अहो, वाशीमात उणे चाळीस कुठून आलं? इतं मले घाम फुटून राह्यला."

"गाडीला ते कळत नाहीये," मी म्हणालो, आता कुठे विचार करत. "म्हणजे तो जो सेन्सर आहे ना, त्याच्याकडून काही निरोपच येत नाहीये. निरोप नाही आला की गाडी धरून चालते की बाहेर भयंकर थंडी आहे."

"मंग तो सेन्सर कुठी असते?"

मी मोबाइलवर आमच्या गाडीचं चित्र शोधलं. बाण जाळीच्या काळ्या डब्याकडे होता. आम्ही दोघांनी डब्याकडे पाहिलं. डब्यावर माझा हार होता.

"सोडा तो हार," ती म्हणाली.

"दसऱ्याचा आहे."

"मी सोडतो." तिने हात जोडले, दोऱ्याची गाठ नखाने सोडवली, अर्धवट सुकलेला झेंडू ओंजळीत घेऊन तुळशीच्या कुंडीत ठेवला आणि परत आली. हाराखाली, डब्याच्या कडेला, एका वायरीचं टोक मोकळं लोंबत होतं. त्याच्या समोरच डब्यावर त्याची रिकामी जागा होती. जाळी काढताना ते टोक मधे येत होतं म्हणून मी ते उपटून बाजूला ठेवलं होतं. लावायचं राहिलं. आणि वरून त्याला झेंडूने सजवलं.

ती वायरीकडे बघत होती. मग माझ्याकडे. मी चहाच्या कपाकडे बघत होतो.

"दसऱ्याले," ती म्हणाली.

"दसऱ्याला."

"म्हंजे माह्यामुळं नाई."

"नाही."

"मंग मी चालवली तवाच काहून लागे?"

ते मला आता समजलं होतं, कारण त्या इंटरनेटवरच्या दुखणाईतांपैकी एकाने लिहिलं होतं आणि मी ते घाईत ओलांडून गेलो होतो. गाडीला एखादा दोष पहिल्या खेपेला दिसला की ती नुसती लक्षात ठेवते. दुसऱ्या खेपेलाही तोच दिसला की मग दिवा लावते. दोन्ही वेळा पहिली खेप माझी होती. दसऱ्याला मी सोनं वाटायला गेलो ती, आणि काल चौकापर्यंत गेलो ती. दोन्ही वेळा दुसरी खेप तिच्या वाट्याला आली.

"माह्यामुळं नाई," ती पुन्हा म्हणाली, पण आता मला नाही, स्वतःलाच. मग पुढे वाकून तिने ते वायरीचं टोक उचललं, फिरवून त्याची दिशा बघितली आणि जागेवर दाबलं. टिच असा आवाज आला. "टिच बटणासारखं हाये हे तं," ती म्हणाली. पोलक्यांना, झबल्यांना अशी शेकडो बटणं तिने लावली असतील. ते नीट बसलं की नाही हे तिच्या अंगठ्याला विचारावं लागत नाही. पडद्यावरचा आकडा उणे चाळीसवरून उडी मारून थेट वाशीममध्ये आला.

मग ती हसायला लागली. अशी हसली की तिला बोनटला धरून उभं राहावं लागलं. समोरचे काका गॅलरीत आले आणि विचारते झाले, "काय झालं बाई, सर काई बोल्ले का?"

"काई नाई काका," ती डोळे पुसत, माझ्याकडे बोट करत म्हणाली, "यायले स्वेटर आणून द्या."

माझ्यावर चिडायचा तिला पूर्ण हक्क होता. तिने अख्खा एक दिवस स्वतःला दोष देत काढला होता, तेही मी झटकलेल्या एका जाळीपायी. मी ओरडा खायच्या तयारीने उभा होतो. तिने चहाचा कप बोनटवरून उचलला, "थंड झाला, नवा करते," म्हणाली आणि आत गेली. माणसाला आयुष्यात काही गोष्टी न मागता मिळतात. तो दुसरा चहा ही त्यातली एक.

दोष पुन्हा पुसला आणि या वेळी मी गाडीला हात लावला नाही. पहिली खेप तिची, दुसरीही तिचीच. अनसिंगच्या एसटी स्टँडपर्यंत गेली, आली, गाडी बंद केली, सुरू केली, पुन्हा गेली. मी घरी बसून दहावीच्या वह्या तपासत असल्याचं नाटक करत होतो. परत आली तेव्हा फाटकातूनच तिने मान हलवली. दिवा नाही. लगेच आईला फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत, कान टवकारून.

"आई, गाडी नीट झाली. येते मी. हो, मीच. यायनं काढला तो दिवा." मग आवाज जरा खाली आला. "लावला कोनं, ते आल्यावर सांगते."

कोजागिरीच्या सकाळी आम्ही निघालो. मंगरूळपीरपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि माझ्यासारख्या माणसाच्या दृष्टीने तो पराक्रम समजावा. रस्त्यावर जागोजाग सोयाबीन वाळत घातलेलं. ती प्रत्येक ठिकाणी वेग कमी करायची, ढिगाला वळसा घालायची, आणि राखणीला बसलेली बाई हात वर करायची. कारंजाला पोचल्यावर, सासूबाईंच्या गल्लीच्या अलीकडच्या वळणावर तिने गाडी थांबवली.

"तुमी इतं उतरा."

"का?"

"उतरा ना. मी पुढं जाते. तुमी मागून चालत या."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी निमूटपणे उतरलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून उगाच एक खोबऱ्याची वाटी घेतली, म्हणजे चालत येण्याला काही कारण दिसावं. तिकडून मला दिसत होतं: ओट्याओट्यावर बायका, मधून हळूहळू जाणारी आमची जुनी गाडी, आत एकटी ती. समोर एक गाय आडवी झाली. तिने हॉर्न दिला नाही, थांबली, गाय गेल्यावर निघाली. सासूबाई काठी घेऊन दारात उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या. त्या गाडीकडे बघत नव्हत्या. त्या गल्लीकडे बघत होत्या, कोण कोण बघतंय ते.

मी पोचलो तेव्हा गाडीभोवती बायकांचं कोंडाळं होतं. सासूबाईंनी मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जवाईबुवा, तुमी यस्टीनं आले काय?"

"हो," मी म्हणालो. "गर्दी होती."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी मी खरोखर एसटीने आलो असतो.

सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवणं सोपं नव्हतं. तिने सीट मागे सरकवली, आईचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, लुगड्याचा काठ दारात अडकत नाही ना ते पाहिलं आणि पट्टा लावला. मला मागे जागा मिळाली, त्यांची पिशवी, काठी आणि शेजारणींनी दिलेले डबे यांच्यामध्ये. "तुमी मांगच बरे," सासूबाई म्हणाल्या. मीही बराच होतो.

गाव मागे पडलं. सासूबाई एकदा रस्त्याकडे, एकदा लेकीच्या हाताकडे, असं बघत होत्या. त्यांना भीती वाटते की काय असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "बाई, एक इचारू?"

"इचार ना."

"तुह्या बाबाच्या स्कूटरवर मांग बसून जिंदगी गेली माही. हॉर्न कदी वाजोला नाई." त्यांनी स्टिअरिंगकडे बोट केलं. "वाजू का?"

बायकोने आरशात मागे पाहिलं, पुढे पाहिलं. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना तूर उभी. तिने वेग कमी केला, आईचा हात धरून स्टिअरिंगच्या मधोमध ठेवला. सासूबाईंनी दाबला. आधी भीतभीत, मग चांगला लांब. दूर तुरीतून एक माणूस उभा राहून बघायला लागला.

"अजून?" बायकोने विचारलं.

"आता तो मानूस बसू दे," सासूबाई म्हणाल्या, "मंग."